देव गेले, भेव उरलं

आजीच्या लोखंडी पेटीत, लुगड्यांच्या तळाशी, मरीआईचा एक टाक होता. तो मला सापडला तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ होत्या. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, अन् पेटीत मरीआई! घरातल्या सगळ्यांसमोर मी आजीला फैलावर घेतलं. ती एवढंच म्हणाली, "देव तं एका दिवसात गेले माय. भेव जायाले लय वर्सं लागले."

१९५६ साली आजी दहा-अकरा वर्षांची होती. १४ ऑक्टोबरला नागपूरला दीक्षा घेऊन विदर्भातली माणसं आपापल्या गावी परतली आणि घरातले देव नदीत सोडले. लग्नानंतर आजीच्या सासूनं हा एकच टाक गुपचूप तिच्या हातात ठेवला. त्या काळी उलटी-जुलाबानं लेकरं दगावत. दवाखाना कोसावर, आणि तिथं पोचलं तरी आपल्या वस्तीतल्या बाईला कोण कसं हात लावील याची खात्री नाही. लेकरू आणि मरण यांच्यामध्ये उभं राहायला तिच्याकडे तो टाकच होता. गावाजवळ आरोग्य केंद्र आलं, सलाईन मिळू लागलं, मुलगा शिकून नोकरीला लागला, तसं भेव कमी झालं. टाक पेटीत खालीखाली गेला.

समाजशास्त्रात आम्हाला एम. एन. श्रीनिवास यांचं 'संस्कृतीकरण' शिकवलं जातं: खालची मानलेली जात वरच्या जातीच्या चालीरीती उचलते आणि शिडी चढू पाहते. आजीच्या पिढीनं शिडी चढली नाही, शिडीच सोडली. पण या सोडण्याला आपण एका दिवसाचा चमत्कार करून टाकलं आहे. धर्मांतराची घोषणा बाबासाहेबांनी येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी केली. घोषणा ते दीक्षा हे अंतर २१ वर्षं आणि एक दिवसाचं आहे. एवढा अवधी त्यांनी घेतला, त्यात वाचन केलं, परिषदा घेतल्या, लोकांना विचार करायला लावलं. मी आजीला एक दुपारसुद्धा दिली नव्हती.

बदलणाऱ्याला किंमतही मोजावी लागते. बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत जागा मिळायला १९९० साल उजाडलं, म्हणजे दीक्षेनंतर ३४ वर्षं. माझ्या बाबांच्या शाळेच्या दाखल्यावर म्हणूनच 'हिंदू महार' आहे, आणि घरात त्रिशरण-पंचशील. यावर आपल्याला दुटप्पी म्हणणारे पुष्कळ भेटतात, तो दुटप्पीपणा कुणी लादला हे विचारणारे थोडे. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित तर आजही त्या यादीबाहेरच आहेत.

संशोधनासाठी शहरात खोली शोधत होते तेव्हा एका घरमालकीणबाईंनी आडनाव विचारलं. मग कौतुकानं म्हणाल्या, "तुमच्यातले लोक आता किती बदललेत!" खोली मात्र दिली नाही. आपल्यालाही काही बदलायचं आहे, हे त्या बाईंच्या गावीही नव्हतं. या देशात बदलाची परीक्षा नेहमी आपणच द्यायची. पेपर काढणारे आणि तपासणारे जागचे हलत नाहीत.

म्हणून आपण तरी एकमेकांचे तपासनीस होऊ नये. गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या एका तरुण आईनं आजारी लेकराच्या मनगटाला काळा दोरा बांधला. विहारातल्या पोरांनी तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली प्रतिज्ञेचा क्रमांक लिहिला. ती पोरं माझ्यासारखीच आहेत, चळवळीवर प्रेम करणारी. प्रतिज्ञा सैल करा असं मी म्हणत नाही. दोऱ्यानं ताप उतरत नाही, हे त्या बाईला सांगायलाच हवं. पण त्या रात्री तिचा नवरा कामावर होता, वस्तीत गाडी नव्हती आणि सरकारी दवाखान्यात डॉक्टर असेल की नाही हे तिला ठाऊक नव्हतं.

फोटो काढणाऱ्या पोरांपैकी दोघांकडे मोटारसायकल आहे. विहाराच्या फळ्यावर बावीस प्रतिज्ञा लिहिल्या आहेत. त्यांच्या शेजारी, रात्री-बेरात्री दवाखान्यात कोण नेईल त्यांची नावं आणि फोन नंबर लिहा. मग तिला दोऱ्याबद्दल विचारा.