पुन्हा बेरेशिथ

नव्याचा सण झाला, दरफाळणीचा उपास सुटला, मांडवातले दिवसही सरले, आणि तिश्री महिन्याच्या 23 तारखेला आपण सिम्हाथ तोराच्या आनंदाशी येऊन पोहोचलो. इस्राएलमध्ये लोद, अश्दोद, बेरशेबा, दिमोना इथल्या आपल्या बेने इस्राएल माणसांनी तो नेमाप्रमाणे एक दिवस आधीच साजरा केला असेल. हेखाल, म्हणजे पवित्र कपाट, उघडला, सेफेर तोरांच्या गुंडाळ्या बाहेर आल्या, तेबाच्या व्यासपीठाभोवती सात फेरे झाले, मुलांच्या हातांवर खाऊ पडला. मग गलबला जरा निवळल्यावर वर्षाचे शेवटचे वाचन सुरू झाले. एकशेवीस वर्षांचा मोशे नबो डोंगरावर चढतो, आयुष्यभर जिच्यासाठी चालला ती भूमी डोळे भरून पाहतो आणि तिच्यात पाऊल न टाकताच देह ठेवतो. त्याची कबर कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही. लोकांनी त्याच्यासाठी तीस दिवस शोक केला असे तिथे लिहिले आहे. आपल्याला मात्र तीस श्वासांचीही उसंत मिळत नाही. दुसरी सेफेर तोरा उघडी असतेच. पुन्हा बेरेशिथ, म्हणजे आरंभ: अंधार, पाणी, आणि पहिला उजेड.

या घाईत मोठे शहाणपण आहे असे वाटते. वाचून झाले, आता कळले, असे म्हणायला आपल्या वाडवडिलांनी जागाच ठेवलेली नाही. चोपन्न पाराशांत, म्हणजे आठवड्याच्या पाठांत, वाटलेले हे वाचन शब्बाथामागून शब्बाथ पुढे सरकते, आणि कोणत्या आठवड्यात काय ऐकायचे हे आपण ठरवत नाही. आपल्याला सोयीचे तेवढे वेचून घेणारी भक्ती सोपी असते. इथे मात्र भावाशी बोलणे तुटलेले असते नेमके त्याच आठवड्यात योसेफ आपल्या भावांपुढे रडतो, आणि हातात पुस्तक धरून आपल्याला ते ऐकावे लागते.

गोष्टींचे आठवडे तसे सुखाचे. ऐन उन्हात तंबूच्या दाराशी बसलेला अब्राहाम तीन अनोळखी वाटसरूंना पाहून धावत जातो, भाकरीचा तुकडा देतो म्हणतो आणि कोवळे वासरू, लोणी, दूध पुढे ठेवतो. कमी बोलावे आणि जास्त वाढावे, हे कोकणातल्या आपल्या घरांना वेगळे शिकवावे लागले नाही. याच कथा एकोणिसाव्या शतकात आपल्या कीर्तनकारांनी साकी-दिंडीत बांधल्या, आणि हिब्रू न येणाऱ्या आजीलाही त्या पाठ झाल्या.

पण वसंतात एक मोठा कंटाळवाणा टप्पा येतो, हे खरे सांगायला हरकत नाही. तझरिया आणि मेत्सोरा या पाराशांत अंगावरचे चट्टे, कपड्यांवरचे डाग, घराच्या भिंतींवरची हिरवी-तांबडी बुरशी यांचेच वर्णन चाललेले असते आणि अर्धे सिनेगॉग घड्याळाकडे पाहू लागते. तिथेच एक बारीकशी आज्ञा आहे. भिंत तपासायला याजक येण्याआधी घर रिकामे करावे; कारण त्याने एकदा घर अशुद्ध ठरवले की आतली प्रत्येक वस्तू अशुद्ध. मिश्नेतले ऋषी यावर विचारतात, ही दया नेमकी कोणत्या वस्तूंवर? धातूची आणि लाकडाची भांडी तर पाण्यात बुडवून शुद्ध करता येतात. उरतात ती मातीची भांडी, जी फोडूनच टाकावी लागतात. म्हणजे एवढ्या कडक नियमाच्या पोटात कोणा गरिबाच्या गाडग्या-मडक्यांची काळजी दडलेली आहे! घर सील करायला, पाणी तोडायला, झोपडी पाडायला निघालेल्या प्रत्येक अधिकाऱ्याने, आणि नियमावर बोट ठेवून भाडेकरूला बाहेर काढणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने, तो आठवडा जागेपणी ऐकावा.

मग एलुल महिन्यात की तेत्से येते. जाणकारांच्या मोजणीने या एकाच पाराशेत 74 आज्ञा आहेत आणि बहुतेक अगदी घरगुती. गच्चीला कठडा बांध. हरवलेले जनावर मालकाला परत कर. गहाण घेतलेले पांघरूण गरिबाला रात्रीपूर्वी दे. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी चुकती कर, कारण त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. घरकामाच्या बाईंचा पगार एक तारखेवरून सहज सात तारखेवर ढकलणाऱ्या आपल्या घरांना हे ऐकून काही वाटते का? शेवटाकडे वजनांची गोष्ट येते: पिशवीत लहान आणि मोठी, अशी दोन प्रकारची वजने ठेवू नकोस.

आपल्या पूर्वजांचा तर व्यवसायच मापाचा. अलिबाग-नवगावच्या पट्ट्यात घाणा चालवणारे ते शनिवार तेली. शनिवारी घाणा बंद, एवढ्यावरून शेजाऱ्यांनी त्यांना ओळखले. परंपरा सांगते की कोकणच्या किनाऱ्याशी पूर्वजांचे गलबत फुटले तेव्हा ग्रंथ समुद्रात गेले. मुंबईत शाआर हारहमीम हे आपले सिनेगॉग 1796 मध्ये उभे राहिले. त्याआधी कित्येक पिढ्या आपल्याजवळ शेमाची प्रार्थना होती, सुंता होती, शब्बाथ होता, खाण्यापिण्याचे नेम होते, आणि दर शनिवारी उघडायला सेफेर तोरा नव्हती. पुढे जोसेफ इझिकियल राजपूरकरांसारख्या विद्वानांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या आणि अर्थही हाती आला. ग्रंथ हाती नसताना ज्यांनी आचार टिकवला, त्यांचे आपण वंशज. आज पाराशा मोबाईलवर येते, तिच्यावरचे भाष्यही येते, आणि आपण ते पुढे पाठवून मोकळे होतो. आपली परीक्षा त्यांच्यापेक्षा अवघड आहे, असे म्हणायचा धीर होतो तो यामुळेच.

आणखी एक कर्तव्य आहे, अगदी साधे. दहा जण जमल्याशिवाय सेफेर तोरा वाचता येत नाही, आणि कोकणातल्या कित्येक सिनेगॉगांत आता दहा जमवणे हेच आठवड्याचे मोठे काम झाले आहे. माणसे इस्राएलला गेली, ठाण्या-मुंबईला गेली. गेली ती चांगल्यासाठीच गेली. तेव्हा या वर्षी गावी जाणे शनिवारला धरून आखावे, जाण्याआधी तिथल्या मुकादमांना फोन करावा, सोबत मुलगाही न्यावा. येत्या शब्बाथला बेरेशिथ आहे. 146 ओव्यांची लांब पाराशा, सात जणांना तेबावर बोलावायचे आहे. सकाळी वेळेवर या.