हिरमोड झाला म्हणजे डिप्रेशन नव्हे

बेसबॉलचा सामना पावसामुळे रद्द झाला, विमान चार तास उशिरा सुटणार असे कळले किंवा रांगेत उभे राहूनही तिकिटे संपली, की अमेरिकेतला माणूस चटकन म्हणतो, ‘बमर!’ इंग्रजी मालिका पाहणाऱ्या आणि परदेशी कंपन्यांसाठी काम करणाऱ्या आपल्याकडच्या तरुणांच्या कानावरही हा शब्द आता पडतो. अर्थ सोपा आहे. अपेक्षा होती, ती पुरी झाली नाही, वाईट वाटले. पण आभाळ कोसळले नाही. आपण ‘अरेरे, पचका झाला’ म्हणतो, तसेच काहीसे. मित्राची बस चुकली तर ‘बमर’ म्हणता येते. मित्राचे वडील गेले आणि कोणी ‘बमर’ म्हणाले, तर तो असभ्यपणा ठरतो. हा शब्द कुठवर चालतो, हे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

गंमत म्हणजे हा हलकाफुलका शब्द एकेकाळी दवाखान्यात जाऊन आला आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मन स्थलांतरितांच्या बोलीतून तो अमेरिकेत रुजला. जर्मनमध्ये ‘बुमलर’ म्हणजे रमतगमत भटकणारा. अमेरिकेत त्याचा ‘बमर’ झाला आणि अर्थ झाला ऐतखाऊ. १८६४ मध्ये यादवी युद्धात जनरल शर्मन यांचे सैन्य अटलांटाहून सव्हानाकडे निघाले, तेव्हा वाटेतल्या शेतांवरून धान्य आणि जनावरे उचलून आणणाऱ्या सैनिकांना लोक ‘बमर’ म्हणत.

पुढचे वळण वैद्यकशास्त्राने दिले. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे अल्बर्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये एलएसडी हे द्रव्य तयार केले आणि १९४३ मध्ये त्याचा मनावर होणारा परिणाम स्वतःवरच अनुभवला. १९६० च्या दशकात हे द्रव्य अमेरिकी तरुणांच्या हाती पडले. नशा सुखाची झाली तर ‘ट्रिप’, उलटली तर ‘बमर’. असा माणूस भीतीने थरथरतो, छाती धडधडते, आपण मरणार किंवा वेडे होणार असे त्याला वाटते आणि हे तासन्‌तास चालते. जून १९६७ मध्ये डॉ. डेव्हिड स्मिथ यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या हाइट-अ‍ॅशबरी भागात मोफत दवाखाना सुरू केला. तिथे असे अनेक तरुण येत. शांत जागा आणि धीर देणारा आवाज, हाच तिथला मुख्य उपचार असे.

म्हणजे तेव्हा ‘बमर’ हे डॉक्टरकडे नेण्याजोगे प्रकरण होते. त्यानंतर हा शब्द रस्त्यावर आला, झिजला आणि किरकोळ निराशेपुरता उरला. त्यात कोणाचे नुकसान झाले नाही, कारण आजार सांगण्यासाठी डॉक्टरांकडे आणि रुग्णांकडे दुसरे शब्द होते.

‘डिप्रेशन’ या शब्दाचे आज तसेच होऊ लागले आहे, आणि तिथे मात्र नुकसान आहे. मेसमध्ये पुन्हा तीच भाजी आली, ‘डिप्रेशन आलं यार’. आवडता संघ हरला, ‘फुल डिप्रेशन’. फोटोला लाइक मिळाले नाहीत, तरी डिप्रेशनच. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘खाली दाबणे’. हवामानशास्त्रानेही तो घेतला आहे, पण मोजमाप ठरवून. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले म्हणून हवामान विभाग लगेच ‘डिप्रेशन’ म्हणत नाही. वाऱ्याचा वेग साधारण ताशी ३१ किलोमीटरवर जावा लागतो. आकाशातल्या ढगाला आपण जो नियम लावतो, तो मनावरच्या ढगालाही लावायला हवा.

निराशा हा आजार नाही. ती मेंदूच्या निरोगी कामाचा भाग आहे. मेंदू सतत पुढचा अंदाज बांधत असतो. वोल्फ्राम शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसले. ठरावीक खुणेनंतर फळाचा रस मिळतो, हे माकड शिकले, की ती खूण दिसताच त्याच्या मेंदूतील डोपामाइन तयार करणाऱ्या पेशींची हालचाल वाढे. मग एखाद्या वेळी रस दिलाच नाही, तर नेमक्या रस मिळण्याच्या क्षणी त्याच पेशी नेहमीपेक्षाही मंदावत. मिळाले किती यापेक्षा अपेक्षेहून किती कमी मिळाले, याची मेंदू नोंद ठेवतो आणि पुढचा अंदाज सुधारतो. मराठीने या भावनेला ‘अपेक्षाभंग’ म्हटले आहे. प्रयोगशाळेत जे नंतर दिसले, ते या शब्दात आधीपासून आहे.

हिरमोड झाला की दोन तास, फार तर दोन-चार दिवस मन उतरते. मित्र आला, गरम भजी समोर आली, की चेहरा पुन्हा खुलतो. नैराश्याच्या आजारात तसे होत नाही. निदानाच्या प्रचलित निकषांनुसार मनाची उदासी किंवा कशातच रस न वाटणे, यांपैकी एक तरी गोष्ट किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच वेळ असावी लागते. जोडीला झोप आणि भूक बिघडणे, थकवा, लक्ष न लागणे, आपण कुचकामी आहोत असे वाटणे, मरणाचे विचार येणे, यांतली अनेक लक्षणे असतात. भजी समोर येतात, पण हात पुढे होत नाही. नातवाला खेळताना पाहूनही आतून काही हलत नाही.

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत याची दुसरी बाजू दिसते. खरोखर नैराश्य असलेली कितीतरी माणसे ‘डिप्रेशन’ हा शब्द उच्चारतही नाहीत. ‘अंगात त्राणच नाही’, ‘डोकं जड राहतं’, ‘रात्री तीनला डोळा उघडतो, मग झोप नाही’, ‘जेवणावरची वासनाच गेली’, असे सांगतात. त्या बाईला ताकदीचे इंजेक्शन हवे असते, त्या शेतकऱ्याला पाठीच्या दुखण्याची गोळी. रक्ताच्या तपासण्या होतात, अहवाल ‘नॉर्मल’ येतो, आणि माणूस तसाच घरी जातो. हा शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवा होता. तो कॉलेजच्या कट्ट्यावर भाजीच्या नावाने खर्च होतो आहे.

शब्द असा स्वस्त झाला की ऐकणाऱ्याचे कान बधिर होतात. वसतिगृहात दिवसातून दहा वेळा ‘डिप्रेशन’ ऐकणाऱ्या मुलांना अकराव्या वेळी ते खरे आहे, हे कळत नाही. घरात वडील म्हणतात, ‘हल्ली सगळ्यांनाच डिप्रेशन असतं.’ उलट दिशेनेही घोटाळा होतो. परीक्षेतल्या अपयशाने चार दिवस रडणाऱ्या मुलीला आपण आजारी आहोत असे वाटू लागते. कोणीतरी ओळखीच्या मेडिकलमधून झोपेची गोळी आणून देतो. अपेक्षाभंगावर गोळी नसते. त्यावर थोडा वेळ, थोडी माणसे आणि पुढचा प्रयत्न हाच उपाय असतो.

यावर एक आक्षेप येईल. ‘डिप्रेशन’ शब्द सर्रास झाल्यामुळेच तर लोक मनाच्या आजाराबद्दल मोकळेपणाने बोलू लागले ना? हे खरे आहे आणि ते स्वागतार्ह आहे. म्हणून कोणी ‘डिप्रेशन आलंय’ म्हणाले तर त्याला हसू नये, त्याचा शब्दही सुधारत बसू नये. दोनच प्रश्न विचारावेत : ‘किती दिवस झाले?’ आणि ‘पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी अजून आवडतात का?’ उत्तर ‘कालपासून’ असेल तर चहा पाजावा. ‘महिना झाला, कशातच मन लागत नाही’ असे असेल तर डॉक्टरकडे न्यावे. वारंवारचे अपयश, नापिकी, नोकरी जाणे यांतून साधी निराशा आजारातही उतरू शकते, म्हणून हे प्रश्न एकदाच विचारून थांबू नये. मरणाचा विषय निघाला, तर दिवस मोजत बसू नये. त्या माणसाला एकटे न सोडता लगेच मदत मिळवावी. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते, मराठीतही.

राहिला प्रश्न रोजच्या छोट्या निराशांचा. त्यांच्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. हिरमोड, विरस, पचका आहेत, मन खट्टू होते, उत्साहावर विरजण पडते, आणि मित्रांत ‘पोपट झाला’ आहेच. यांतला कुठलाही शब्द वापरावा. इंग्रजीच हवा असेल तर ‘बमर’ म्हणावे, त्याने कोणाचे काही अडत नाही. ‘डिप्रेशन’ हा शब्द मात्र त्या पहाटे तीनला जाग येणाऱ्या माणसासाठी राखून ठेवावा. तो जेव्हा बोलेल, तेव्हा त्याचे ऐकले जायला हवे.