पहिला नंबर, दरमहा चार हजार

"मॅडम, तुमचं दुकान आम्ही गुगलवर पहिल्या नंबरला आणतो. महिन्याला फक्त चार हजार."

हे वाक्य ज्याने ऐकलेलं नाही असा छोटा दुकानदार पुण्यात शोधून दाखवावा. चष्मेवाला, झेरॉक्सवाला, शिवणक्लास, पंक्चरवाला, पोळीभाजी केंद्र.. कुणी सुटलेलं नाही. माझं म्हणणं सरळ आहे. हे वाक्य खोटं आहे. थोडं फुगवलेलं, अर्धवट खरं वगैरे नाही, खोटं. जी वस्तू विक्रीला नाहीच ती ही मंडळी महिन्याच्या हप्त्याने विकतात. आणि (इथे घरातल्या बऱ्याच जणांना राग येणार आहे, येऊ दे) आपण नातेवाईक त्यांना त्या कामासाठी फुकटचे गडी पुरवतो.

आधी वस्तूबद्दल. फोनवर "जवळचं पोळीभाजी केंद्र" असं शोधलं की वर नकाशा येतो आणि त्याखाली तीन नावं. २०१५ सालापर्यंत तिथे सात नावं असायची, त्या वर्षी तीन झाली. तेव्हापासून त्या तिनांत बसण्यासाठी सगळी मारामारी. क्रम कसा ठरतो ते गुगलने आपल्या मदतीच्या पानावर लिहून ठेवलंय: तुम्ही जे शोधताय त्याच्याशी दुकान किती जुळतं, तुमच्यापासून ते किती लांब आहे, आणि ते किती नावाजलेलं आहे. त्याच पानावर हेही लिहिलंय की पैसे देऊन हा क्रम वर नेता येत नाही. एजंट हे पान दाखवत नाही. का दाखवेल?

यातला दुसरा मुद्दा नीट पाहा. अंतर. म्हणजे कर्वे पुतळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला जी तीन नावं दिसतील ती डहाणूकर कॉलनीतल्या माणसाला दिसतीलच असं नाही. मग "पहिला नंबर" म्हणजे कुणाच्या फोनवर, कुठे उभं राहून? असा एकच एक पहिला नंबर अस्तित्वातच नाही. पण एजंटची जादू बघा. तो महिन्याच्या शेवटी दुकानात येतो, गल्ल्यासमोर उभा राहतो, खिशातून फोन काढतो, दुकानाचं नाव घालून शोधतो आणि "बघा, पहिला नंबर!" म्हणून दाखवतो. अहो, दुकानातच उभं राहून दुकानाचंच नाव शोधल्यावर दुसरं काय दिसणार?

पैसे देऊन मिळते ती जाहिरात. तिच्यावर "प्रायोजित" असं लिहिलेलं असतं आणि पैसे थांबले की ती जाते. त्यात लपवाछपवी नाही. पूर्वीच्या यलो पेजेसमध्ये मोठा चौकोन ज्याने घेतला त्याने पैसे मोजलेत हे शेंबड्या पोरालाही कळायचं. मला राग आहे तो जाहिरातीचा नाही. चौकोन न देता चौकोनाचे पैसे घेण्याचा आहे.

आता हे मी हवेत बोलत नाहीये. माझ्या मावसबहिणीचं कोथरूडला पोळीभाजी केंद्र आहे. (नाव लिहीत नाही, नाहीतर हीसुद्धा जाहिरातच व्हायची.) चौदा वर्षं ताई सकाळी सहाला परात पुढे ओढते. तिला अशाच एकाने गाठलं. त्याचंही नाव लिहीत नाही. एक जातो आणि दुसरा तीच वाक्यं घेऊन येतो. ताईने अकरा महिने त्याला चार-चार हजार दिले. चव्वेचाळीस हजार. तिच्याकडे पोळी दहा रुपयांना मिळते, म्हणजे चार हजार चारशे पोळ्या झाल्या. आणि ही विक्री हं, नफा नव्हे. कणीक, तेल, गॅस, हाताखालच्या दोघींचा पगार सगळं यातच.

त्याने काय केलं? पहिल्याच दिवशी ताईच्या फोनवर आलेला कोड मागून घेतला आणि प्रोफाइलचा मालक म्हणून स्वतःचा ईमेल लावला. ताई स्वतःच्याच दुकानाची तिथे कुणीही नव्हती. मग त्याने नाव बदललं. पाटीवर दोन शब्दांचं सुटसुटीत नाव. नकाशावर त्याला शेपूट जोडलं, "बेस्ट पोळीभाजी टिफिन सर्व्हिस होममेड फूड नियर मी कोथरूड पुणे". गुगलचा नियम असा की पाटीवर जे नाव तेच नकाशावर हवं. (न्यूयॉर्कमध्ये एका रेस्टॉरंटने यावर भारी तोड काढली, दुकानाचं खरंखुरं नावच "थाई फूड नियर मी" ठेवलं आणि तीच पाटी लावली! त्याला मी नमस्कार करतो. पाटी आणि नकाशा जुळले तरी.)

मग वेळ. याने "२४ तास उघडे" टाकलं. म्हणे त्याने जास्त लोकांना दिसतं. ताई दुपारी १ ते ४ बंद ठेवते. पुण्यातल्या १ ते ४ वर जगाने विनोद केले, चितळे बंधूंनीसुद्धा २०१७ साली दुपारची सुट्टी संपवली. पण पहाटेपासून तव्यापुढे उभ्या राहिलेल्या बाईने दुपारी पाठ टेकायची नाही तर काय करायचं? ती टेकणारच. फक्त ते नकाशावर लिहिलेलं हवं. ते नव्हतं, म्हणून मे महिन्याच्या उन्हात दोन वाजता माणसं यायची, शटर बघायची, आणि तिथेच उभ्याने एक चांदणी देऊन जायची. त्यांचं तरी काय चुकलं?

आणि त्यावर उतारा म्हणून पॅकेजमधले चाळीस रिव्ह्यू. त्यातला एक मी पाठ केलाय: एसी हॉल छान, बिर्याणी एक नंबर. ताईकडे हॉल नाही, एसी नाही, आणि बिर्याणीचा तर प्रश्नच नाही. आहे ते सहा बाय दहाचं दुकान आणि पुढे फळी.

२०२५ च्या गणपतीच्या आठ दिवस आधी प्रोफाइल निलंबित झालं. नकाशावरून दुकान गायब. उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी म्हणजे तिची वर्षातली सगळ्यात मोठी कमाई. जुनी गिऱ्हाईकं आलीच, ती नकाशा बघून येत नाहीत. पण आसपासच्या नव्या सोसायट्यांमधली माणसं फोनवर शोधूनच येतात, त्यांच्यासाठी ताईचं दुकान नव्हतंच. एजंटला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, गुगलचं अपडेट आलंय, सगळ्यांनाच प्रॉब्लेम आहे," आणि पूर्ववत करून द्यायचे वेगळे सहा हजार मागितले! शेवटी भाचीने बसून केलं. पण आधी मालकी मागायची, ती मिळाली की मग अपील करायचं. दुकान परत दिसायला लागलं तेव्हा पितृपक्ष सुरू झाला होता.

आता नातेवाईक मंडळींकडे वळतो.

त्या एजंटनेच ताईच्या हाती दुवा दिला आणि "घरच्यांना पाठवा" म्हणून सांगितलं. आपल्या ग्रुपवर मेसेज आला, सगळ्यांनी फाइव्ह स्टार द्या. दोन दिवसांत तेवीस रिव्ह्यू पडले. एडिसनहून, दुबईहून, बंगळूरहून. ज्यांनी त्या दुकानाची पायरी पाहिलेली नाही त्यांनी "डिलिशियस, मस्ट ट्राय" लिहिलं. मी लिहिलं नाही. मला शिष्ट म्हणण्यात आलं, "एवढं काय, घरचीच आहे ना" हेही ऐकवण्यात आलं. घरचीच आहे म्हणूनच! ताईच्या मेथीच्या भाजीबद्दल एका खऱ्या गिऱ्हाइकाने मराठीत चार ओळी लिहिल्या होत्या, लसणाची फोडणी, डाळ किती घालते वगैरे. त्या तुमच्या "ऑसम"च्या ढिगाऱ्याखाली गेल्या. त्या चार ओळी वाचून माणूस भाजी घ्यायला आला असता. "ऑसम" वाचून कोण येतं?

आणि वाचणारा कोण असतो याचा विचार करा. लातूरहून पुण्यात शिकायला आलेला पोरगा, खोली मिळाल्याचा पहिला दिवस, खिशात मोजके पैसे. तो चांदण्या बघून महिन्याचा डबा लावतो. त्याला तुम्ही न जेवता सांगताय की जेवण चांगलं आहे. ताईचं जेवण खरोखर चांगलं आहे म्हणून इथे निभावलं. पण हीच युक्ती पलीकडच्या गल्लीतला शिळं विकणाराही करतो, आणि त्याचेही नातेवाईक असतात.

चांदण्यांची किंमत काय उरली आहे ते लंडनच्या ऊबा बटलरने २०१७ मध्येच दाखवून दिलं. घराच्या बागेतली शेड, तिथे स्वयंपाकघरही नाही, ती त्याने ट्रिपअॅडव्हायजरवर रेस्टॉरंट म्हणून टाकली. ओळखीपाळखीच्यांकडून खोटे रिव्ह्यू लिहून घेतले आणि ती शेड लंडनमधलं पहिल्या नंबरचं रेस्टॉरंट झाली. पहिला नंबर! आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० नावाचं मानक काढलं, ऐच्छिक, त्यामुळे कोथरूडच्या एजंटपर्यंत ते पोचायची शक्यता शून्य. अमेरिकेत एफटीसीने २०२४ मध्ये खोटे रिव्ह्यू विकण्या-घेण्यावर बंदीचा नियम केला, आणि त्यात मालकाने जवळच्या नातेवाइकांकडून नातं लपवून रिव्ह्यू लिहून घेण्याबद्दलही तरतूद आहे. तो नियम तिथल्या धंद्यांना लागू आहे, तुम्हाला नाही. तरी एडिसनकरांनी वाचून ठेवायला हरकत नाही.

तुमच्या रिव्ह्यूंमुळेच दुकान गायब झालं असं मी म्हणत नाही. गुगल कारण धड सांगतच नाही, आणि इथे गुगललाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. अमेरिकेतल्या वॉल स्ट्रीट जर्नलने २०१९ साली बातमी दिली होती की त्यांच्या नकाशावर सुमारे १ कोटी १० लाख दुकानं-धंदे खोटे असावेत असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. आपल्याकडे शोधाच्या निकालांत पक्षपात केल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये याच कंपनीला १३५.८६ कोटींचा दंड केला. म्हणजे साळसूद कुणीच नाही. बँकेत निदान खिडकी असते, पलीकडच्या माणसावर खेकसता तरी येतं. इथे फॉर्म भरायचा आणि वाट बघायची. एजंटचा धंदा चालतो तो याच पोकळीत. कुणीतरी माणूस दारात येऊन "मी बघतो तुमचं" म्हणतो, याचेच खरं तर ताई चार हजार देत होती.

म्हणूनच "सगळे एजंट चोर" असं मी म्हणणार नाही. एक ब्लॉगर मित्र याच धंद्यात आहे, तो म्हणतो की दुकानदाराला वेळ नसतो, कुणीतरी करून द्यायलाच लागतं. मान्य. फोटो काढायचे पैसे घ्या, माहिती भरायचे घ्या, बसून शिकवायचे घ्या. कामाचे पैसे घ्या, नंबराचे नको. आणि खातं मालकाच्या ईमेलवर राहू दे, स्वतः मॅनेजर म्हणून राहा. तशी सोय दिलेली आहे.

काम तरी किती असतं? भाचीला एक दुपार लागली, तीही १ ते ४ मधली. पाटीवरचं नाव, खऱ्या वेळा, गणपती-दिवाळीच्या वेगळ्या वेळा, चालू असलेला फोन नंबर, योग्य वर्ग, दुकानाचा समोरून फोटो, आजच्या भाजीचा फोटो. शोधणारा आधी जुळणी आणि अंतर यावर येतो. अंतर बदलता येत नाही. जुळणी खरी माहिती भरून होते. नाव देवनागरीतही यावं म्हणून ती वर्णनात मराठी लिहायला विसरली नाही. इंग्रजीत वडापावाचं स्पेलिंग व्हीने की डब्ल्यूने यावर महाराष्ट्राचं अजून एकमत नाही, देवनागरीत तो घोळच नाही. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा आपण केवढे पेटलो होतो. नकाशावरच्या पाटीकडे मात्र कुणाचं लक्ष नाही. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

"पण बाकीचे सगळे करतात, मग आपणच मागे पडायचं का?" हा प्रश्न प्रतिक्रियांत येणारच, म्हणून आत्ताच उत्तर देतो. शेजारच्याने नावाला शेपूट लावलं असेल तर नकाशावरच दुरुस्ती सुचवायची सोय आहे, ती वापरा. लगेच होईल असं नाही. पण त्याचं शेपूट बघून स्वतःला शेपूट लावून घेतलं तर पुढच्या गणपतीत गायब व्हायची पाळी आपली.

राहिले ते तेवीस रिव्ह्यू. आज मोजले, अजून सतरा तिथेच आहेत. गुगलचा नकाशा उघडा, स्वतःच्या प्रोफाइलमध्ये आपले रिव्ह्यू पाहा, ताईच्या दुकानासमोरच्या तीन टिंबांवर टिचकी मारा आणि काढून टाका. डिसेंबरात जे इकडे येणार आहेत त्यांनी दुपारी १ च्या आत किंवा ४ नंतर तिच्याकडे जावं, पैसे देऊन जेवावं, आणि मग वाटलं तर लिहावं. भाजीत मीठ जास्त वाटलं तर तेही लिहा, ताई वाचते.