आधी हात बसवा, मग हेलिकॉप्टर घ्या

रिमोटवर उडणारं मॉडेल हेलिकॉप्टर बाळगायची हौस असेल तर ती जरूर करा. डोळा, बोटं आणि डोकं एकाच वेळी इतकं कामाला लावणारा छंद शोधून सापडायचा नाही. फक्त एक कळकळीची विनंती आहे. पहिली खरेदी हेलिकॉप्टरची करू नका. दहावीच्या निकालाचं बक्षीस म्हणून मुलाला मोठं हेलिकॉप्टर आणून द्यायचं मनात असेल, तर तो बेत थोडा लांबवा.

हे सांगावं लागतं, कारण ड्रोन आता सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे. लग्नात शूटिंगला असतो, शेतात फवारणीला असतो. चांगल्या ड्रोनच्या स्टिक सोडल्या की तो उपग्रहाच्या संकेतांवर जागा धरून हवेत थांबतो, परत बोलावलं की परत येतो. हेलिकॉप्टरही त्याच जातीचं असणार, असं धरून माणूस पैसे मोजतो. पण एका मोठ्या रोटरचं मॉडेल हेलिकॉप्टर सहसा असं थांबत नाही. ज्या अंगाला कललेलं असेल त्या अंगाला ते घसरत जातं, घसरताना वेग घेतं, आणि तुम्ही गोंधळून चुकीची स्टिक दाबेपर्यंत जमिनीवर आपटलेलं असतं.

त्याचं कारण त्याच्या रचनेतच आहे. रोटर एका दिशेने फिरतो, म्हणून खालचं धड उलट दिशेने फिरू पाहतं. शेपटीचा छोटा पंखा त्याला अडवून धरतो. वर जायचं असेल तेव्हा रोटरचा वेग जवळजवळ तोच ठेवून दोन्ही पात्यांचा कोन एकदम वाढवतात. पुढे, मागे किंवा बाजूला जायचं असेल तेव्हा रोटरखालची स्वॉशप्लेट कलते आणि प्रत्येक पातं एका फेरीत एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी उचल देतं. यातली एक गोष्ट बदलली की बाकीच्या बदलतात. वर उचललं की शेपटीवरचा ताण बदलतो. पुढे कलवलं की उंची उतरते. हवेत एका जागी धरून ठेवणं, म्हणजे हॉवर, हीच शिकाऊ माणसाची पहिली मोठी परीक्षा. उपड्या ताटलीवर गोटी तोलून धरावी, तसं ते काम आहे. हल्लीचे तीन अक्षांचे जायरो यातलं बरंच ओझं उचलतात. जर्मनीतल्या डीटर श्ल्युटर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस रेडिओवर चालणारं हेलिकॉप्टर नीट उडवून दाखवलं, तेव्हा शेपटी सावरायला असला जायरो नव्हता. सगळं अंगठ्यांवर होतं. आजच्या नवशिक्याची वाट त्या मानाने सोपी आहे, पण तिला आडवाट नाही.

आता त्या पात्यांविषयी. ४५० आकाराचं म्हणून जे हेलिकॉप्टर ओळखलं जातं, ते हातात धरलं तर किलोभर वजनाचं, दिसायला नाजूक. रोटरचा व्यास साधारण ७० सेंटिमीटर. तो मिनिटाला २८०० फेरे घेतो तेव्हा पात्याचं टोक ताशी ३७० किलोमीटरच्या आसपास पळत असतं. ७०० आकाराच्या मॉडेलमध्ये एकेक पातं ७० सेंटिमीटर लांब असतं आणि टोकाचा वेग ताशी ६०० किलोमीटरच्या घरात जातो. ही पाती बहुधा कार्बन फायबरची असतात. २०१३ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका उद्यानात १९ वर्षांचा एक तरुण स्वतःच उडवत असलेल्या हेलिकॉप्टरचं पातं लागून जागीच गेला. तो नवशिका नव्हता. बोटं तुटण्याइतपत जखमा तर त्याहून पुष्कळ लहान मॉडेलनेही होतात. म्हणून या वस्तूला खेळणं म्हणणं सोडून द्या. दुकानात ती खेळण्यांच्या शेजारी मांडलेली असली तरीही.

मग सुरुवात कुठून करायची? सिम्युलेटरपासून. रिअलफ्लाइट, हेली-एक्स, नेक्स्ट अशा नावांचे सिम्युलेटर साध्या संगणकावर किंवा लॅपटॉपवर चालतात. पुढे जो ट्रान्समीटर वापरणार तोच केबलने किंवा डोंगलने जोडता येतो. म्हणून पैसे आधी चांगल्या ट्रान्समीटरवर घाला. तो पुढची कित्येक वर्षं सोबत राहतो. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने तसेही मैदान चिखलाचं असतं, सर्व्हो आणि रिसीव्हरला पाणी सोसत नाही. ते चार महिने रोज अर्धा तास सिम्युलेटरवर घालवा. एका मोठ्या क्रॅशमध्ये पाती, मेन शाफ्ट, फेदरिंग शाफ्ट, गिअर आणि शेपटीची नळी असं सगळं एका फटक्यात जातं. त्या खर्चाच्या मानाने सिम्युलेटर स्वस्तच पडतो, आणि तिथे पडलेलं हेलिकॉप्टर एक बटण दाबून पुन्हा उभं राहतं.

सिम्युलेटरवर काय शिकायचं, तेही ठरवून घ्या. बहुतेक जण शेपटी आपल्याकडे ठेवून हॉवर शिकतात आणि जमलं म्हणून खूश होऊन बाहेर पडतात. तेवढ्याने भागत नाही. हेलिकॉप्टरचं तोंड आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं. ते तुमच्या उजवीकडे घसरतंय, तुम्ही सवयीने स्टिक डावीकडे ढकलता, आणि ते आणखी जोरात उजवीकडे जातं. त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो. उत्तर बोटांतच असावं लागतं. म्हणून आधी शेपटी आपल्याकडे, मग डावी बाजू, मग उजवी, आणि शेवटी तोंड आपल्याकडे, असं एकेक अंग पक्कं करत जा. तोंड आपल्याकडे ठेवून दोन-तीन मिनिटं न घाबरता हॉवर जमू लागला की समजा पाया झाला. कोलांट्या आणि उलटं उडवणं यांना आयुष्य पडलंय.

त्यानंतरचं पहिलं खरं यंत्र अगदी लहान घ्या. एकावर एक दोन रोटर उलटसुलट फिरणारी छोटी हेलिकॉप्टरं घरात उडवायला छान, स्थिर. पण त्यावर हात बसत नाही. माझं मत विचाराल तर सिम्युलेटरवर पाया झालेल्याने पात्यांचा कोन बदलणारं, पण तळहातापेक्षा थोडंच मोठं मायक्रो मॉडेल घ्यावं. वजन कमी असल्याने पडलं तरी नुकसान कमी, आणि शिकवण मात्र मोठ्या मॉडेलचीच. नवं यंत्र पहिल्यांदा सुरू करताना कुणी जाणता शेजारी असेल तर फार बरं. ट्रान्समीटरचा मोड, म्हणजे कोणती स्टिक काय करते ती मांडणी, त्याच्यासारखाच ठेवा, म्हणजे अडचणीत त्याला तो हातात घेता येईल.

या छंदाचा निम्मा वेळ टेबलावर जातो, आणि ज्याला तो वेळ आवडत नाही त्याने हेलिकॉप्टरच्या वाटेला जाऊ नये. प्रत्येक उड्डाणाच्या दिवशी स्क्रू पाहायचे. धातूत बसणाऱ्या स्क्रूला लॉकटाइटचा थेंब लावलेला असावा. दुवे जोडणारे छोटे प्लॅस्टिकचे बॉल लिंक दोन बोटांत धरून हलवून पाहा. जरा जरी खुळखुळत असेल तर बदला. त्याची किंमत फारशी नसते आणि तो हवेत निसटला तर सगळंच जातं. पात्यावर केसाएवढी चीर दिसली तरी ते पातं कचऱ्यात. चिकटपट्टी लावून उडवू नका.

मैदानावर ट्रान्समीटरवरचा थ्रॉटल होल्डचा, म्हणजे मोटर बंद ठेवणारा खटका हा तुमचा सगळ्यात जवळचा सोबती. बॅटरी जोडताना तो लावलेला असलाच पाहिजे, आणि हेलिकॉप्टर उचलून धावपट्टीवर ठेवेपर्यंत तसाच राहिला पाहिजे. उतरल्यावरही आधी होल्ड, मग पाती पूर्ण थांबेपर्यंत वाट, आणि मगच जवळ जायचं. हवेत काही बिघडलं आणि हेलिकॉप्टर माणसाकडे निघालं, तर वाचवण्याचा प्रयत्न न करता होल्ड ओढायचा. यंत्र पडेल, पडू द्या. बघणारे सगळे उडवणाऱ्याच्या मागे, उडवणारा स्वतः लहान मॉडेलपासूनही आठ-दहा मीटर दूर. इमारतीच्या गच्चीवरून, सोसायटीच्या आवारात, शाळेच्या सुट्टीत भरलेल्या मैदानावर उडवू नका. विजेच्या तारांजवळ नको, गुरं चरतात तिथे नको. गणपतीच्या मिरवणुकीत तर मुळीच नको.

कायद्याकडेही काणाडोळा करून चालत नाही. केंद्र सरकारचे ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झाले, आणि त्यांत फक्त चार पंख्यांचे ड्रोन येत नाहीत. रोटरक्राफ्ट हाही एक वर्ग आहे. २५० ग्रॅमपर्यंतचं यंत्र नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल. नॅनोला सवलती पुष्कळ आहेत, आणि पहिलं मॉडेल लहान घ्या म्हणण्यामागे हेही एक कारण आहे. आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे पट्टे डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर दाखवले आहेत. विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपलीकडे, जिथे दुसरा काही निर्बंध नाही तिथे, ४०० फुटांपर्यंत हिरवा पट्टा. ८ ते १२ किलोमीटरच्या टापूत २०० फुटांपर्यंत. मुंबईत सांताक्रूझ आणि जुहू, पुण्यात लोहगाव, नाशकात ओझर, नागपुरात सोनेगाव यांच्या आजूबाजूला राहणाऱ्यांनी आपलं मैदान नकाशावर शोधूनच बाहेर पडावं. सणासुदीला किंवा बंदोबस्ताच्या काळात मुंबईचे पोलीस रिमोटवरच्या विमानांवरही मनाई आदेश काढतात. तो मोडला तर गुन्हा दाखल होतो. नियम बदलत राहतात, म्हणून उडवायच्या आधी ताजी स्थिती पाहून घ्या आणि जवळच्या पोलीस ठाण्यात विचारायला संकोच करू नका.

राहिली बॅटरी. घरातला खरा धोका तिचाच. लायपोच्या, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरीच्या, एका सेलला ४.२ व्होल्टच्या वर नेऊ नका. ठेवून द्यायची असेल तर ३.८च्या आसपास आणून ठेवा. चार्जर बॅलन्स करणारा हवा, आणि २२०० मिलिअँपिअरची बॅटरी सुरुवातीला २.२ अँपिअरनेच भरा. गादीवर, सोफ्यावर, रात्री झोपताना चार्जिंग नको. फरशीवर, डोळ्यांसमोर करा. फुगलेली बॅटरी, मग ती कितीही महाग असो, पुन्हा चार्ज करायची नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात बंद गाडीत बॅटऱ्या ठेवून जेवायला जाऊ नका.

हा छंद एकट्याने लपूनछपून करण्याचा नाही. तुमच्या गावात किंवा जवळच्या शहरात मॉडेल विमानं उडवणारी मंडळी असतील. एनसीसीच्या हवाई विभागातले छात्रही एरोमॉडेलिंग शिकतात. सुट्टीच्या सकाळी अशा मैदानावर नुसते बघायला जा, प्रश्न विचारा, कुणाची बॅटरी धरा, कुणाचा स्क्रू शोधायला मदत करा. आणि त्या दिवशी मुलांना सोबत न्याल, तेव्हा त्यांना उडवणाऱ्याच्या मागे उभं करा.