भेरूगढ की भैरवगढ?

माळव्यातील आम्हां जुन्या मराठी घरांना भैरवगढ म्हटले की काळभैरव आठवतो आणि सिद्धवटावरची श्राद्धे आठवतात. त्याच वस्तीत छिप्यांच्या घरी बाटिकचे काम चालते, तिकडे मात्र आपली दृष्टी क्वचितच वळते. वितळलेल्या मेणाने कापडावर नक्षी काढावयाची, कापड थंड रंगात बुडवावयाचे (गरम रंगात मेण टिकणार कसे?) आणि अखेरीस उकळत्या पाण्यात मेण सोडवावयाचे. मेणाला गेलेल्या तड्यांतून जो रंग आत झिरपतो, त्यातच या कापडाची खरी गंमत. उज्जैनच्या बाटिकला २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

माझी पुतणी हे काम शिकविणारा पाठ इंटरनेटवर शोधीत होती. एका शैक्षणिक भांडारात तिला काहीच सापडेना. चार दिवसांनी पाठ तेथेच निघाला! तिने 'भैरवगढ' लिहून शोधले होते, नोंद होती 'भेरूगढ' अशी. आणि चित्रफितीत ज्याचे हात दिसतात, त्या कारागिराचे नाव? ते नोंदीत नव्हतेच.

आता अशी भांडारे एकमेकांस जोडली जात आहेत. खरगपूरच्या आय.आय.टी.ने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय १९ जून २०१८ रोजी देशाला अर्पण झाले. तेथे पुस्तक वा पाठ बहुधा मूळ संस्थेतच राहतो. मध्यवर्ती ठिकाणी येते ते त्याचे कार्ड. अशी कार्डे गोळा करण्याचा एक सामाईक नियम २००१ सालापासून जगभर रूढ आहे. त्यानुसार यंत्र ठरावीक काळाने भांडारोभांडारी फिरून नवी कार्डे उचलते. सोय मोठी खरीच. पण यंत्र कार्ड वाहून आणते, तपाशीत नाही. एका ठिकाणी गाळलेले नाव मग दहा ठिकाणी गाळलेलेच राहते. म्हणून भांडारात किती लाख वस्तू आहेत हे अभिमानाने सांगितले जाते, तेव्हा कार्डे कोणी लिहिली, हे विचारावेसे मला वाटते.

कर्ता, साहाय्यक, स्थळ, हक्क या साऱ्यांना कार्डावर जागा असते. ती रिकामी ठेवण्यास आळसाखेरीज कारण दिसत नाही. नक्षी चोरीला जाईल, ही कारागिराची भीती खोटी नव्हे. पण पाठ कुलपात ठेवणे हा तिचा उपाय नव्हे. त्याला आधी विचारावे, आणि नाव दिल्यावाचून पाठ पुढे वापरता येणार नाही, अशी अट हक्काच्या रकान्यात घालावी.

सिद्धवटावर उपाध्ये गाव व आडनाव विचारतात आणि वहीतून आपले पणजोबा काढून दाखवितात. कोणीतरी ते नाव नीट लिहून ठेवले होते, म्हणूनच ना?

पुतणीला त्या कारागिराचे घर सापडले आहे. येत्या रविवारी जाऊन त्याची संमती व नाव विचारावयाचे, आणि मग भांडारास पत्र धाडावयाचे असे ठरले आहे. गावाचे नाव दोन्ही प्रकारे लिहून.