वहीतले आणि वहीबाहेरचे

आमचा एक माजी विद्यार्थी इंदुरातच संगणक अभियंता आहे. गैरहजर शिक्षकाचा तास कोणी घ्यावा, हा आमच्या शाळेतील रोज सकाळचा घोळ मिटावा म्हणून त्याने रात्री जागून एक आज्ञावली रचून दिली. परवा घरी येऊन म्हणाला, "सर, हिचा मूळ मजकूर सर्वांना खुला करावा म्हणतो. पण कोणी आयता उचलून विकला तर? आणि चुका पाहून लोक हसले तर?"

मला फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सचे स्मरण झाले. १९९१ साली, वयाच्या २१ व्या वर्षी, त्याने 'लिनक्स' खुली केली, तेव्हा ती अपुरीच होती. तिच्यावर कोणी पैसे घेऊ नयेत, अशी त्याची प्रथम अट होती. १९९२ मध्ये ती सोडून त्याने 'जीपीएल' परवाना स्वीकारला. विकण्यास मुभा; मात्र सुधारलेली प्रत दुसऱ्यास देणाऱ्याने तिचा मूळ मजकूरही त्याच शर्तींवर द्यावा. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे.

मी त्यास म्हटले, "परवाना न जोडता मजकूर नुसता मांडलास, तर तो वाचता येईल, पण हक्काने वापरता येणार नाही. 'एमआयटी' परवाना दिलास, तर कोणी तो आपल्या बंदिस्त मालातही घालील. ते रुचत नसेल तर 'जीपीएल' घे. एकदा दिलेली प्रत मात्र परत मागता येत नाही. तेव्हा आधी नोकरीचा करार वाच. तुझ्या रचनेवर कंपनीचा हक्क तर नाही ना? आणि शिक्षकांची नावे, रजेची कारणे काढून टाक. ती जुन्या आवृत्त्यांतही उरतात. म्हणून स्वच्छ प्रत नव्याने मांड."

"आणि हसणाऱ्यांचे काय, सर?"

मी कपाट उघडून दाखविले. व्याकरणावरील माझी टिपणे 'अजून सुधारावयाची आहेत' म्हणून पंचवीस वर्षे मी कोणास दाखविली नाहीत. त्यांची पहिली आणि अखेरची वाचक वाळवी ठरली. मी लवकरच निवृत्त होईन, तोही उद्या परगावी जाईल. मग ही आज्ञावली अडली तर दुरुस्त कोण करणार? चार चुका दाखविणारे लाभले, तर त्यांतील एखादा ती सुधारीलही.

तो काही बोलला नाही. जाताना मात्र त्या कुरतडलेल्या वहीची उरलेली पाने मागून घेऊन गेला.