सुई, डायपर आणि संघटनेचे बळ

घरात मधुमेहाने त्रस्त आजी असोत वा अंथरुणाला खिळलेले आजोबा, त्यांच्या शुश्रूषेतून रोज काही टाकाऊ वस्तू निर्माण होतात. इन्शुलिनच्या सुया, साखर तपासण्यासाठी बोटाला टोचायच्या लॅन्सेट, डायपर, जखमेवरचा कापूस. या वस्तू डब्यात पडल्या की आपले काम संपले, असे आपण मानतो. वास्तविक तेथूनच दुसऱ्या कुणाच्या तरी आरोग्याचा प्रश्न सुरू होतो. तो डबा रिकामा करून कचरा हाताने वेगळा करणारी बहुधा एक स्त्री असते. अनेकदा तीही साठीला टेकलेली असते.

हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस तग धरू शकतो. वापरलेली सुई बोटात रुतली, तर डॉक्टर जखम धुतील, धनुर्वाताची व हिपॅटायटिस बीची लस देतील, रक्ताच्या तपासण्या सांगतील. परंतु उद्याच्या डब्यात पुन्हा सुई येणारच नाही, अशी व्यवस्था कोणत्याही औषधाच्या चिठ्ठीने होत नाही. त्यासाठी दारात उभे राहून, ‘सुया वेगळ्या द्या’ असे सांगण्याची ताकद त्या बाईच्या अंगी यावी लागते. एकटी सांगू लागली, तर तिचे काम जाण्याची धास्ती असते. सर्वजणी मिळून सांगू लागल्या, की त्याच वाक्याला वजन येते.

पुण्याने हे अनुभवले आहे. 1993 साली तेथे कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. हमाल पंचायत उभारणारे डॉ. बाबा आढाव यांचा तिला आधार होता. या स्त्रियांकडे पूर्वी चोरीच्या संशयाने पाहिले जाई. संघटनेमुळे त्यांना महानगरपालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळाली. आरोग्यविम्याचा हप्ता महापालिकेने भरावा, ही मागणीही मान्य झाली. 2008 साली त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने घरोघरचा कचरा गोळा करण्यासाठी महापालिकेशी करार केला. उघडेच टाकलेले सॅनिटरी पॅड व डायपर हाताळण्याचा त्रास असह्य झाला, तेव्हा या स्त्रियांनी ते गोळा करून थेट उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवले. अशा वस्तू नीट गुंडाळून द्याव्यात आणि त्यासाठी उत्पादकांनी वेष्टन पुरवावे, अशी तरतूद 2016 च्या घनकचरा नियमांत झाली.

मी याला रोगप्रतिबंधच म्हणतो. आपल्यापैकी ज्यांनी गिरणीत, बँकेत वा एस. टी. त नोकरी केली, त्यांना हे वेगळे सांगायला नको. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांनी मिळवलेली रविवारची सुट्टी 10 जून 1890 रोजी सुरू झाली. विश्रांतीसारखे औषध नाही, हे आम्ही डॉक्टर आज सांगतो. कामगारांनी ते तेव्हाच मागून घेतले होते.

आता आपल्या घरातले पाहू. वापरलेल्या सुया व लॅन्सेट झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकाव्यात. बाटली पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून तीवर ‘सुया’ असे ठळक लिहावे. ती ओल्या वा सुक्या कचऱ्यात न टाकता घातक कचरा म्हणून वेगळी सुपूर्द करावी. कशी व कोठे द्यायची, हे आपल्या महापालिकेत वा नेहमीच्या दवाखान्यात विचारावे. डायपर गुंडाळून, जुन्या वर्तमानपत्रात बांधून, त्यावर लाल ठिपका करावा. मुदत संपलेली औषधेही वेगळी ठेवावीत.

आणखी एक विनंती. कचरा नेणाऱ्या बाई, आजीला आंघोळ घालणाऱ्या मावशी, स्वयंपाकाच्या ताई यांपैकी कुणी आपल्या संघटनेच्या सभेसाठी अर्धा दिवस सुट्टी मागितली, तर कपाळाला आठी पडू देऊ नये. त्या दिवशीची भांडी आपण घासावीत, आजींच्या आंघोळीची वेळ पुढेमागे करावी. वाचकहो, रुग्णाची सेवा ज्यांच्या हातांवर उभी आहे, ते हात धडधाकट राहणे यातच आपल्या रुग्णाचेही हित आहे.